हूकरच्या रकान्यात एकच नाव

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ६ वाजून १० मिनिटे

ओट्यावर बसून रकाने आखत होतो. पट्टी म्हणून फ्लेक्सच्या दुकानातला ॲक्रिलिकचा तुकडा. आईने चहासाठी दोनदा हाक मारली. चहा निवला.

या रग्बीत मैदानावर सात जणी. दोन प्रॉप, त्या दोघींच्या मध्ये हूकर. मग स्क्रम-हाफ, फ्लाय-हाफ, सेंटर, विंग. प्रत्येक जागेखाली देशातली पहिली कोण, दुसरी कोण, तिसरी कोण ते लिहायचे. पहिली पडली तर तिच्यामागे कोणी उभे आहे की नाही, ते कळले पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय संघाचे शिबिर भुवनेश्वरला चालू आहे. मुली चौतीस. संघात घेणार बारा.

त्या चौतिसांत समता आहे. माझी धाकटी बहीण. स्क्रम-हाफ.

संघपाल सर नुसते म्हणाले होते, "कोन कुठं बसते, जरा पाहून ठेव." चिखलीच्या मैदानावर आम्हा दोघांना त्यांनीच शिकवले. माझे अकरावीत शाळेबरोबर खेळणेही सुटले, तिचे टिकले. सरांना एवढे बारीक नको असेल. पण मला अर्धवट जमत नाही. गेल्या दोन वर्षांतले सगळे सामने मोबाइलवर पुन्हा पाहतो आहे.

एक अडचण आली. काही मुलींची नावे दोन-दोन रकान्यांत येऊ लागली. झारखंडची एतवारी प्रॉपमध्येही आणि हूकरमध्येही. एक नाव दोनदा दिसले की मला प्रूफातली चूक वाटते — दुकानात दिवसभर तेच तर काम. जी जिथे जास्त खेळली तिथे ठेवली, दुसरीकडून खोडली. आता पान स्वच्छ.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दुकानात निवडणुकीच्या उमेदवारांची गर्दी. सगळ्यांना आपला फोटो मोठा हवा. त्यातच बाबा चिखलीला आले. बाबा अमडापुरात नळाला पाणी सोडतात, त्यामुळे एका फेरीत सगळ्या गावाला बातमी पोचते. समताची पोचली आहेच. आता त्यांना फ्लेक्स हवा. "भारतीय संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन."

"बाबा, संघात नाही झाली अजून. शिबिरात झाली."

"शिबिर कोनाले समजते? लोकं म्हनतीन, डोळे तपासाचं शिबिर हाय."

शेखरभाऊ हसले. दुकान त्यांचे. "लिहून टाक ना बे. बाप म्हनून राह्यला."

"खोटं कसं लिहू?"

त्यांनी भिंतीला टेकवलेल्या एका बोर्डाकडे बोट केले. "हा मानूस तीनदा पडला. त्याच्या नावामागं 'लोकप्रिय' कोनं लिहिलं? तूच ना?"

शेवटी 'भारतीय संघाच्या' हे मोठ्या अक्षरांत घेतले आणि 'शिबिरासाठी' बारीक. बारीक, पण आहे. ज्याला वाचायचे त्याने वाचावे. शिबिर — दोन्ही वेलांट्या ऱ्हस्व. तपासले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

स्क्रम-हाफचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवला होता.

पहिली मिनती, ओडिशाची. तिच्यात वाद नाही. स्क्रममधून, म्हणजे दोन्हीकडच्या तिघी-तिघी वाकून एकमेकींना रेटतात त्यातून, चेंडू बाहेर आला की तो उचलून फेकेपर्यंत ती सरळ उभीसुद्धा राहत नाही. दुसरी तनुश्री, बंगालची. राहिल्या बिहारची रिंकू आणि आपली समता.

आधी समताला चौथी लिहिले. मग वाटले, सख्खी आहे म्हणून मुद्दाम खाली ढकलतो आहे का? लोक बोलतील म्हणून? पुन्हा सामने पाहिले. रिंकू जास्त पळते, पण डावीकडे टाकलेला तिचा चेंडू समोरचीच्या डोक्यावरून जातो. समताला तिसरी केले. मग वाटले, सख्खी आहे म्हणून वर ओढतो आहे का?

बारा जणींत स्क्रम-हाफ दोनच नेतात.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अजून तिसरीच.

रविवार, ९ नोव्हेंबर

शिबिरात मोबाइल फक्त बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी हातात देतात. आज समताचा फोन आला. आईशी भाताविषयी बोलली. रोज भात, भाकरीचे नाव नाही. बाबांनी तिला फ्लेक्स लागल्याचे सांगितले आणि नेहमीचे वाक्यही, "तूच पहिली. बाकीच्या समद्या तुह्या मागं." मग मी फोन घेऊन बाहेर आलो.

"दादा, माहा नंबर कितवा?"

"कशाचा?"

"येडा नको बनू. तू पान आखलं नसशीन असं होईन का?"

मी म्हणालो, अजून पाहणे चालू आहे. पान खिशात होते.

"बरं. झालं की सांगजो. अन् खरं सांगजो. बाबासारखं नको."

आमच्या घरात खोटे बोलायला मला कोणी शिकवले नाही, आणि आज ते किती सोपे गेले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुपारी डबा खाताना हूकरचा रकाना नीट पाहिला. पहिली केरळची अलीना. तिच्याखाली कोणीच नाही! एक होती, तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, ती शिबिराला आलीच नाही. म्हणजे अख्ख्या देशात त्या जागेला एकच नाव. अलीनाचा पाय मुरगळला तर?

हूकर स्क्रमच्या मधोमध वाकते. दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या प्रॉपवर, दोघींचे हात तिच्यावर. समोरच्या तिघी रेटत असताना चेंडू पायाने मागे ओढायचा. समता बुटकी आहे, खांदे रुंद, आणि पाय तिचा हाताइतका चालतो.

इथे राहिली तर तिसरी. तिथे गेली तर दुसरी. दुसरी म्हणजे बारांत.

पण स्क्रम-हाफ ती आठवीपासून खेळते. ती जागा सोड असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

बुधवार, १२ नोव्हेंबर

सांगितले. बोलायच्या आधी कागदावर दोन वाक्ये लिहून घेतली होती, ती वाचली. "स्क्रम-हाफमध्ये तू तिसरी आहेस. हूकरमध्ये अलीनाच्या मागे कोणी नाही."

 तिच्या मागे मुलींचा आवाज येत होता, कोणीतरी बादली आपटली.

मग म्हणाली, "बाबाले सांगितलं?"

"नाही."

"तूच सांग. आजच सांगजो."

फोन ठेवला. रागावली की काय, ते तिच्या आवाजावरून कळले नाही. समताचा राग लगेच कळतो. म्हणून जास्त भीती वाटते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काल हिंमत झाली नाही. आज जेवताना सांगितले.

"हूकर म्हंजे काय?" बाबांनी विचारले. मी समजावले.

"दोन्हीकडून रेटतात, अन् माही पोरगी मधात?"

"हाव."

"अन् मान?"

"मान कशी ठेवाची ते शिकवतात, बाबा."

"तिले तिसरी कोनं केलं?"

"मी."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "सख्ख्या बहिनीले? अर्धं गाव मले इचारते, पोरगी भारताकडून कवा खेळते. काय सांगू? माह्याच पोट्ट्यानं तिसरी लावली म्हनून?"

आई म्हणाली, "त्यानं पाह्यलं तसं लिहिलं. तुमी पानी सोडता तं कोनाच्या घरी जास्त सोडता का?"

"तुह्या भावाच्या गल्लीत सोडतो ना."

एरवी यावर सगळे हसलो असतो. बाबा हात धुऊन बाहेर गेले. जाताना म्हणाले, "तिच्या मानेले काई झालं तं तुह्या पानाले काडी लावीन."

रविवार, १६ नोव्हेंबर

समता हूकर खेळते आहे. तसे तिनेच सांगितले. कान सोलले, म्हणाली. घासून घासून लाल झाले. त्यावर पट्टी बांधते.

"स्क्रम-हाफ सोडलं म्हनून वाईट वाटते का?"

"वाटते ना. पयल्या दिवशी लय वाटलं."

बाबा फोनवर आले नाहीत. माझ्याशीही बोलत नाहीत. काही सांगायचे असेल तर आईला सांगतात, मी समोर असताना. "त्याले म्हना, बादली भरली."

बुधवार, १९ नोव्हेंबर

उद्या बारा नावे. दुकानात एका उमेदवाराच्या आडनावातला रफार खाल्ला. सात वर्षांत पहिल्यांदा. शेखरभाऊंनी तो स्वतःच दुरुस्त केला, ते जास्त लागले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

संघपाल सरांनी दुपारी यादी पाठवली. वरून खाली वाचली, मग खालून वर. समता नाही.

हूकर अलीना. तिच्या मागे एतवारी. प्रॉप म्हणूनही तीच, हूकर म्हणूनही तीच. एका मुलीत दोन जागा भागल्या, म्हणून दुसरी हूकर न्यायची गरजच पडली नाही. तिचे नाव त्या रकान्यात होते. पान स्वच्छ दिसावे म्हणून मीच खोडले. अलीनाच्या मागे कोणी नाही, हे खरे नव्हतेच. मी ते तसे करून ठेवले होते.

आणि स्क्रम-हाफ? मिनती आणि रिंकू. तनुश्रीची मांडी सरावात दुखावली, ती बाहेर. दुसरी गेली तर तिसरी वर येते. तिसरी समता होती. मी तिला तिथून उठवले. चौथी गेली.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "प्रेमानंद, संघ तू निवडत नसतं बावा. पानी पी." पाणी प्यालो. काही फरक पडला नाही.

बाबांना बातमी गावातून कळली. घरी येऊन आईला म्हणाले, "त्याले म्हना, झालं का समाधान?"

शनिवार, २२ नोव्हेंबर

शेगाव स्टेशनवर समताला घ्यायला गेलो. गाडी दीड तास उशिरा. काय बोलायचे ते मनात जुळवत होतो, एकही वाक्य पूर्ण झाले नाही. तिने उतरल्या उतरल्या बॅग माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "दादा, आधी कचोरी."

खामगावहून अमडापूरच्या बसमध्ये खिडकीला डोके टेकवून झोपली. कानांना काळी खपली. मला तिकडे पाहवेना.

बस स्टँडवर उतरलो तर समोर तोच फ्लेक्स. ती बॅग खाली ठेवून वाचू लागली. मला वाटले, आता रडते. म्हणाली, "फोटोत माह्या नाकाले केवढी जागा देली रे. अन् 'शिबिरासाठी' वाचाले भिंग लागते."

घरी बाबा दारातच होते.  तिच्या मानेवरून हात फिरवला, मागून, मग दोन्ही बाजूंनी, बैलाची पाहतात तशी.

"दुखते?"

"नाई."

"हालवून दाखव."

तिने हलवून दाखवली. बाबा म्हणाले, "मंग ठीक हाय," आणि पाणी सोडायला गेले. आज पाण्याचा वार नव्हता.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल दिवसभर तिच्यासमोर आलो नाही. आज तिनेच गाठले.

म्हणालो, "माझ्यामुळे गेलं तुझं."

"काय गेलं?"

मी पान दाखवले. एतवारीचे खोडलेले नाव, तनुश्री, रिंकू. सगळे क्रमाने समजावले. ती ऐकत होती, मध्येच उठली. आईला हाक मारून ओट्यावर उभे केले. आई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये ती. "वाका."

"या वयात मले काऊन वाकवतं बाई?" आई म्हणाली, पण वाकली.

समताने आमच्या दोघांच्या पाठीवर हात टाकून कपडे घट्ट धरले. "आता मले धरा. अजून. हं." मग दोन्ही पाय उचलून अधांतरी लोंबकळली. आम्ही हललो, पण ती पडली नाही.

"पाह्यलं? स्क्रम-हाफले कोनी धरत नाई. ते एकटीच पळत राह्यते. इथं दोघी धरून असतात, मंग किती बी रेटा. मले हेच आवडलं, दादा. जानेवारीत पुन्हा शिबिर हाय. कोच मॅडम म्हनल्या, हूकर म्हनूनच ये."

आई कंबर धरून बसली. "अगोदर सांगतं तं पदर खोचला असता."

मग समता माझ्याजवळ बसली. म्हणाली, "समदे मले पहिलीच म्हनत होते. तिथं मले दिसत होतं ना, मिनती कशी खेळते ते. तू तिसरी म्हनला तवा बरं वाटलं. कोनीतरी पाहून राह्यलं मले, असं वाटलं."

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आज भाकरी खाता खाता सहज बोलून गेली. मॅडमने तिला हूकर केले ते मंगळवारी. मी सांगितले बुधवारी.

"मंग बोलली काऊन नाही?"

"मी सांगतलं असतं तं बाबा दुसऱ्या दिवशी भुवनेश्वरले येऊन मले घरी घेऊन आले असते. तुले नुसते बोलले."

खर्च: फ्लेक्स ३६०, निम्मे बाबांनी दिले. सामने पाहायला नेट २९९. शेगावला जाऊन-येऊन बस २४०, समताचे अर्धे तिकीट धरून. कचोरी ४०.

देणे: शेखरभाऊंची उचल ५००.

येणे: समताकडून, बाबांची बोलणी आणि बारा दिवसांचा अबोला.