अलीगंजच्या खिडक्यांखाली

आई, माझ्या पहिल्या नोकरीतलं ते गाण्यांचं प्रकरण आठवतं का गं तुला? नव्वदचं दशक, लखनौत नवं एफएम केंद्र निघणार होतं आणि दिवसभर कोणती गाणी वाजवायची, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. नोकरी कच्ची. निवड फसली की घरी, आणि मग बाबा मला नागपूरला काकांकडे पाठवणार, स्थळं बघायला. म्हणून मी जिवाच्या आकांतानं अलीगंजात दारोदार फिरले. जो तो एकच सांगे, "बस, ग़ज़ल और ठुमरी." साहेब खूश! "लखनऊ है भई, और क्या सुनेगा?" मीही नाचतच घरी आले, तर तू पोळ्या लाटता लाटता हसायलाच लागलीस.

मी चिडून विचारते, "हसतेस काय?" आणि तू म्हणतेस, "अगं वेडाबाई, इथल्या माणसाला चहा विचारला तर तो काय म्हणतो? 'अरे नहीं, तकल्लुफ़ न कीजिए.' म्हणून आपण आधण ठेवायचं सोडतो का? दारात आलेल्या परक्या पोरीला कोण मनातलं सांगेल? शोभेल तेच सांगणार." मग कळायचं कसं, तर म्हणालीस, "विचारू नकोस. नुसतं ऐक."

दुसऱ्या दिवशी सब्जीची पिशवी घेऊन आपण दोघी निघालो. थंडीचं ऊन, खिडक्या सताड उघड्या, आणि घराघरांतून सिनेमाची गाणी! कुठे जुनी, कुठे कालपरवाची. ज्या वकीलसाहेबांनी मला ठुमरीवर भलंमोठं व्याख्यान दिलं होतं, ते व्हरांड्यात दाढी करत होते, रेडिओवर धांगडधिंगा चालू आणि पाय ठेक्यावर. आपल्याला बघून गडबडले. "अरे बहनजी! वो... बच्चों ने लगा दिया." तू गंभीर चेहऱ्यानं "अच्छा अच्छा" म्हणालीस आणि कोपरा वळल्यावर फुटलीस, "बच्चे तर दिल्लीला असतात गं!" हसून हसून मला गल्लीतच बसावं लागलं.

मी केंद्रावर आमच्या साहेबांना सांगितलं, दिवसभर सिनेमाची गाणी, आणि गझल संध्याकाळी, घरात पाहुणे येऊन बसतात तेव्हा. "लखनऊ की नाक कट जाएगी," म्हणून ते फुगून बसले, पण शेवटी तयार झाले. केंद्र चाललं, नोकरी पक्की झाली, नागपूर टळलं.

पण आई, त्या सगळ्याच्या आधी मी पहिल्यांदा तुलाच विचारलं होतं, ओट्यापाशी उभी राहून, "तुला काय ऐकायला आवडेल?" तू म्हणालीस, "मला काय, तुला आवडेल ते लाव." आणि ते मात्र मी खरं मानलं बघ! घरात रेडिओची कळ बाबांच्या हातात, नंतर माझ्या. आम्ही बाहेर पडल्यावर तू काय लावायचीस? का बंदच ठेवायचीस? त्या दिवशी साऱ्या अलीगंजच्या खिडक्यांखाली मी उभी राहिले, आपल्या खिडकीखाली कशी राहणार, तू तर माझ्याबरोबर चालत होतीस. आता हे विचारायला पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू?

काल तुझ्या नातीनं गाडीत विचारलं, "मम्मा, क्या लगाऊँ?" मी म्हटलं, "मला काय, तुला आवडेल ते." तिनं लगेच लावलंसुद्धा. मला ते मुळीच नको होतं गं.