टेबलाभोवती बांधलेले घर

लिहून ठेवणार मी, वय वर्षे चोपन्न, धंदा व्यावसायिक स्नूकर, क्रमवारीत सध्या चौसष्टावा, म्हणून खेळाडूंमध्ये नाव ‘चौसष्ट’. माझे डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी तसे काही लिहून दिलेले नाही. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे. ‘कोणाच्याही दडपणाखाली नाही’ असेही लिहायचे असते, असे वकील म्हणाले. लिहितो, पण माझे वडील, म्हणजे अप्पा, या क्षणी माझ्या डोक्यावरच्या खोलीत जागे आहेत, हेही नोंदवतो.

कलम १. घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. तिसाव्या वर्षी मी एका मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, हरलो, आणि उपविजेत्याच्या बक्षिसातून हे घर उभे राहिले. नकाशा अप्पांनी काढला. आधी जोते घातले, त्यावर स्नूकरचे टेबल मांडले, त्याच्या कापडाखालच्या दगडी लाद्या एका पातळीत बसवल्या आणि मग चारी बाजूंनी भिंती उचलल्या. दार मुद्दाम एवढे अरुंद ठेवले की त्यातून लादी बाहेर निघत नाही. “टेबल हलायचं नाही, म्हणजे तूही हलणार नाहीस,” असे अप्पा तेव्हा गवंड्यासमोर म्हणाले, आणि मी हसलो होतो. लग्न होऊन पत्नी आली तेव्हा तिने विचारले, “आणि जेवायचं टेबल?” ते अजून जिन्याखाली आहे. उठताना प्रत्येकाचे डोके एकदा तरी जिन्याला लागते.

घर पत्नीला आणि मुलीला निम्मे निम्मे मिळावे. मुलगी अकरा वर्षांची आहे. ती सज्ञान होईपर्यंत तिचा हिस्सा आईने सांभाळावा. अप्पांना वरच्या खोलीत तहहयात राहण्याचा हक्क राहील. अप्पा त्र्याऐंशीचे आहेत आणि अजून जिना कठड्याला हात न लावता चढतात. मी त्यांच्या आधी जाईन असे मला वाटते. हे लिहायला बसलो ते त्यामुळेच.

कलम २. अप्पांची काठी. त्यांना दिसते कमी, पण ऐकू सगळे येते. ते वर खुर्चीत बसून जमिनीतून बॉलचे आवाज ऐकतात. लाल बॉल सरळ पॉकेटात पडला की कडेला घासून पडला, हे त्यांना वरूनच कळते. आवाज थांबला की काठी आपटतात. पाणी प्यायला थांबलो तरी काठी, शिंक आली तरी काठी. छातीत कळ येऊन मी टेबलावर ओणवा झालो होतो तेव्हाही काठी वाजत होती, आणि खरे सांगायचे तर कळ असतानाच मी पुढचा फटका मारला. माझ्यामागे ही काठी माझ्या मुलीसाठी वाजू नये, एवढेच या सगळ्या कागदाचे सार आहे. पण काठी अप्पांची. ती कोणाला देण्याचा किंवा मोडण्याचा मला अधिकार नाही, असे वकिलांचे मत पडले.

कलम ३. गेल्या महिन्यातली स्पर्धा. ती हंगामातली शेवटची मानांकन स्पर्धा होती. आमच्याकडे क्रमवारीला दोन वर्षांचेच गुण धरतात. नवे मिळतात तसे जुने गळून जातात. पहिल्या चौसष्टांचे व्यावसायिक म्हणून खेळायचे कार्ड टिकते, बाकीचे घरी जातात. मी कित्येक वर्षे त्या शेवटच्या पायरीवर उभा आहे. वर चढायची कुवत नाही आणि अप्पा खाली उतरू देत नाहीत.

दुसऱ्या फेरीत समोर एकोणीस वर्षांचा मुलगा होता. चार-चार फ्रेम, म्हणजे डाव, झाल्या. निर्णायक फ्रेममध्ये त्याने पांढरा बॉल तपकिरी बॉलच्या मागे असा दडवला की मला एकही लाल सरळ दिसेना. मी कडेवरून फिरवून मारला, लालला लागला नाही, चुकलो. आमचा नियम असा की मग प्रतिस्पर्धी तोच फटका पुन्हा खेळायला लावू शकतो. पंच सगळे बॉल उचलून जिथल्या तिथे ठेवतात आणि तुम्ही परत त्याच कोंडीत. मुलगा दर वेळी नम्रपणे म्हणाला, “सर, परत.” पाचव्यांदा चुकलो तेव्हा प्रेक्षकांत कोणीतरी हळहळले. मग त्याने एकेक करत सगळे बॉल पॉकेटात घालून टेबल साफ केले आणि मी खुर्चीत बसून बघत राहिलो. त्या मुलावर माझा राग होता, आता नाही. माझा गळ्यातला काळा बो टाय त्याला द्यावा. मला तो जन्मभर आवळत आला.

हरलो याचा अर्थ चौसष्टातून नाव गेले. कपडे बदलायच्या खोलीत बूट काढून मी पाय लांब केले आणि स्वतःशीच शीळ घातली. सुटलो, असे वाटले, आणि ते फार बरे वाटले. तेवढ्यात स्पर्धेचे व्यवस्थापक आत आले. म्हणाले, “अभिनंदन. पासष्टावाही हरला. तुमची जागा राहिली.” मी रडलो. त्यांना तो आनंद वाटला, त्यांनी पाठ थोपटली. अप्पांनी सामना टीव्हीवर ऐकला होता; त्यांना फोन केला तर पहिला प्रश्न, “पाच वेळा? तपकिरीच्या मागून? उद्यापासून तेवढंच घ्यायचं.” त्यानंतर महिनाभर मी या खोलीत पांढरा बॉल तपकिरीमागे ठेवून तोच फटका मारत आहे. आता तो दहात नऊ वेळा जमतो. त्याचा काय उपयोग, हे मला कळत नाही.

कलम ४. क्यू, म्हणजे ज्याने खेळतो तो दांडा, अप्पांनी निवडला होता, तो अप्पांना परत द्यावा. उपविजेत्याची थाळी पत्नीने कुंडीखाली ठेवली आहे, ती तिथेच शोभते. वेस्टकोट ज्याला अंगाला येतील त्याने न्यावेत.

कलम ५. लाकडी पाट. मी सहा वर्षांचा असताना टेबलापर्यंत हात पुरावा म्हणून अप्पांनी तो केला होता. गेल्या आठवड्यात तो माळ्यावरून उतरलेला दिसला. पुसलेला होता, आणि खाली नवे रबर ठोकले होते. मुलगी अंगाने लहानखुरी आहे. मी अप्पांना विचारले, “हा कोणासाठी?” ते म्हणाले, “घरात माणसं किती आहेत?” पाट फोडून टाकावा.

कलम ६. माझ्या मुलीने कधीही क्यू हातात धरू नये. धरल्यास तिचा हिस्सा तिच्या आईकडे जावा.

(कलम ६ मी स्वतः खोडले आहे. वाचता येईल असेच ठेवले आहे. बाजूला सही केली आहे.)

खोडण्याचे कारण असे. मी लिहीत असताना मुलगी मागे येऊन उभी राहिली आणि तिने ते वाचले.

“बाबा, हे माझ्याबद्दल आहे?”

“तुझ्या भल्यासाठी आहे.”

“अप्पा पण असंच म्हणतात.”

तिने पेन माझ्याकडे सरकवले, आणि मी रेघ मारली.

कलम ७. टेबलाच्या खोलीची रस्त्याकडची भिंत पाडून तिथे रुंद दार करावे. टेबल ठेवायचे की काढायचे, ते मुलीने नंतर सावकाश ठरवावे. दार आधी व्हावे. यासाठी माझ्या मरणाची वाट कशाला बघायची, असे पत्नी म्हणाली, म्हणून आज गवंड्याला बोलावले. त्याने भिंत ठोकून पाहिली. “साहेब, वरच्या खोलीचा सगळा भार हिच्यावरच आहे. टेकू लावून करता येईल, पण तोवर वर कोणी राहायचं नाही.” मी वर जाऊन अप्पांना महिनाभर खाली यायची विनंती केली. ते म्हणाले, “मी हलणार नाही.” तेव्हा हे कलम सध्या नुसते लिहून ठेवतो.

हे लिहीत असताना, सवयीप्रमाणे, वरून काठी वाजली. खाली बॉलचा आवाज बराच वेळ नव्हता. डॉक्टर साक्षीदार म्हणून आले आहेत, ते दचकले. माझा हात आपोआप क्यूकडे गेला. मुलीने तो बघितला आणि ती जिना चढून गेली. काठी आणखी एकदा वाजली, मग थांबली. ती खाली आली तेव्हा काठी तिच्या हातात होती. तिने ती जिन्याखालच्या जेवायच्या टेबलावर ठेवली.

मी तिला कधी विचारले नव्हते, ते विचारले. “तुला खेळायचंय का?”

“अजून माहीत नाही. पण काठीच्या आवाजावर नाही.”

वरून अप्पांनी हाक मारली, “खाली कोण खेळतंय?”

“कोणी नाही, अप्पा,” ती म्हणाली.

नव्या हंगामाची पहिली स्पर्धा गुरुवारी आहे. जाईन की नाही, हे या मृत्युपत्राच्या कक्षेत येत नाही.

स्थळ: टेबलाची खोली
दिनांक: १४ जुलै, रविवार, दुपार

सही: चौसष्ट

साक्षीदार १: डॉक्टर. लिहून देणारे शुद्धीवर आहेत. नाडी जलद, पण नियमित.

साक्षीदार २: गवंडी. भिंत बघायला आलो होतो. सही माझ्यासमोर झाली. त्या वेळी वरून आवाज आला नाही.