पान त्रेचाळीसवरचा शब्द

४ फेब्रुवारी
येरवड्याहून चैताली आली होती. तिच्या वडिलांचा, भीमरावांचा, कथासंग्रह घेऊन. दोघंही आईवडील आता नाहीत, घरात एवढी एकच प्रत. विहारातल्या काचेच्या कपाटात ठेवायचीय, पण पहिल्या आवृत्तीचीच हवी. "काका, तेवढं बघून सांगा." आत 'प्रथमावृत्ती १९७४' छापलंय, पण त्यावर माझा विश्वास नाही. पुन्हा छापताना ती ओळ तशीच ठेवणारे प्रकाशक चाळीस वर्षं पाहिलेत. मुद्रितशोधक होतो मी, उगाच नाही.

५ फेब्रुवारी
पान त्रेचाळीसवर ओळीच्या डोक्यावर कुणीतरी निळ्या शाईने खरडलेलं. अगदी शाळकरी अक्षर. पुस्तकात लिहिणाऱ्यांची मला भयंकर चीड आहे. ब्लेडच्या कडेने हळूहळू खरवडलं, वर नखाने कागद घोटला. डागसुद्धा नाही! निशा म्हणाली, "आता पुस्तकांचीही दाढी करता वाटतं?" बायकोला यातलं काय कळतंय.

८ फेब्रुवारी
ग्रंथालयात गेलो. संपतने कपाटातून दोन प्रती काढून दिल्या. दोन्हींवर 'प्रथमावृत्ती १९७४'. एकीवर दाखल केल्याचा शिक्का चौऱ्याहत्तरचा, दुसरीवर एकोणऐंशीचा. एकोणऐंशीच्या प्रतीत, पान त्रेचाळीसवर, 'परवा' हा शब्द छापलेला. चौऱ्याहत्तरच्या प्रतीत तो छापायचा राहिलाय, आणि ओळीच्या वर हाताने लिहिलाय. निळी शाई. तेच शाळकरी अक्षर.

म्हणजे पहिल्या आवृत्तीची खूण तीच. भीमरावांनी घरी बसून एकेक प्रत दुरुस्त केली असणार. आणि मी ती खूण पुसली.

संपत म्हणाला, "अहो, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

मी ती ओळ वाचलीच नव्हती. नुसती शाई बघितली. गाळलेले शब्द शोधून पोट भरलं जन्मभर, आणि हे. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

९ फेब्रुवारी
निशाला सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी
निळी शाई आणली. जुन्या वहीत दुपारभर 'परवा' गिरवला. चार पानं. 'र'चा पाय जमत नव्हता, मग जमला. आता हुबेहूब येतोय. हे तपासायला माझ्याशिवाय पुण्यात जातंय कोण?

पुस्तक उघडलं, पेन टेकवणार — पण खरवडलेल्या जागी कागद फार पातळ झालाय, शाई फुटेल. तेवढ्यासाठी थांबलो. चांगुलपणा वगैरे काही नाही, इथे तरी खरं लिहितो.

१३ फेब्रुवारी
चैतालीला बोलावून सगळं सांगितलं. ती वहीही पुढे केली. वाटलं, चार शब्द सुनावेल. ती पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "आईनेही असंच गिरवलं होतं. पाटीवर. ते अक्षर बाबांचं नव्हे, काका. पाचशे प्रतींत आईने लिहिलं. सहीच्या जागी शेवटपर्यंत अंगठाच करायची. तिला तेवढा एकच शब्द लिहिता यायचा."