काव्याची नववी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, १८ मे २०२५

ती. ईरम्मा अक्कास धाकट्या नागप्पाचे शरणु शरणार्थी. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि लिहायला बसलो की शब्द सुचत नव्हते.

काव्या सुट्टीला म्हणून तुझ्याकडं अकलूजला आली. आता तिच्या बापाला, सोमेशला, फोनवर सांगते की मी परत येणार नाही, शाळा नको, तिथल्या दूध डेअरीत कामाला लागते. अक्का, चौदा वर्षांची माझी नात! मला जेवण जाईना झालंय.

हे माझ्यामुळं झालं. आठवीपर्यंत ती इंग्रजी शाळेत राखीव जागेवर शिकली, फी सरकार भरायचं. आठवीनंतर ती सवलत संपते. सोमेशनं नववीसाठी अनुदानित मराठी शाळा ठरवली, मुलींना तिथं फी नाही. मधेच मठात पालकांची सभा झाली. दहावीपर्यंत सगळ्याच मुलांना, सगळ्याच शाळांत शिक्षण मोफत करा, अशी मागणी सरकारकडं पाठवायची होती. रिक्षावाला नबीसाब म्हणाला की पोराचं डोकं चालायला लागतंय तितंच दार लावताय व्हय? गोजाबाई म्हणाली, पोरींचं भागतं, माझ्या नातवानं काय घोडं मारलंय? एका मास्तरांना भीती की फी जाईल, पोरं वाढतील, पण नवे शिक्षक कोण नेमणार?

मग प्रभुलिंग शेठ उठले. म्हणाले, फुकटच्या शिक्षणाला किंमत राहत नाही, अशी पोरं टिकत नाहीत. आणि मला विचारलं, काय नागप्पा? अक्का, जन्मभर त्यांच्या नव्या पेठेतल्या दुकानात चादरी विकल्या. शेठनी गिऱ्हाइकाला रंग पक्का सांगितला की मीही पक्का म्हणायचो. तसंच बोलून गेलो, खरं आहे शेठ. काव्या मागच्या रांगेत बसली होती.

तिला समजाव. हे पत्र मात्र तिला दाखवू नकोस. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
नागप्पा

अकलूज, २६ मे २०२५

चि. नागप्पास ईरम्माचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझा चष्मा फुटलाय, म्हणून तुझं पत्र काव्यानंच वाचून दाखवलं. मला ऐकू यावं म्हणून ओरडून वाचलं, त्यामुळं गल्लीनंही ऐकलं. दाखवू नकोस हे वाक्य तर तिनं पुन्हा वाचलं. हे उत्तरही तीच लिहिते आहे. अक्षर बघून खूश हो, मजकूर माझा आहे.

मठात दासोहाची पंगत असते तेव्हा तू शेठच्या मांडीला मांडी लावून जेवतोस. पानात गव्हाची गोड हुग्गी पडली की कधी फुकटची म्हणालास? सगळेच बसतात म्हणून लाज वाटत नाही. तुला एकट्याला कोपऱ्यात बसवून वाढलं असतं तर घास उतरला असता का? ही पोर आठवीपर्यंत तशीच कोपऱ्यात बसली. सहल निघाली की वर्गातल्या पोरी विचारायच्या, हिचे पैसे पण सरकार भरणार काय? तुम्हा घरच्यांना तिनं सांगितलं नाही. आणि वरून तू शेठपुढं मान डोलावलीस.

डेअरीवाल्याला मी दम दिलाय, लहान पोरीला कामावर ठेवशील तर बघ. ती काळजी सोड. पण शाळेचं नाव काढलं की ती उठून जाते. म्हणते, अज्जाच म्हणाले की आम्ही टिकत नाही. इथवर लिहून आता हात दुखतो म्हणते. हात दुखत नाही, मला ठाऊक आहे.

प्रकृतीला जप, अक्काची आठवण ठेव.

ईरम्मा

सोलापूर, ५ जून २०२५

ती. अक्कास शरणु शरणार्थी. वि. वि.

रविवारी मठात पुन्हा सभा झाली. मी उठलो. टोपी काढली, पुन्हा घातली. नबीसाब म्हणाला, बोला की चाचा, इथं काय चादर खपवायची न्हाय. मग सांगितलं की माझी नात आठवीपर्यंत फी न भरता शिकली आणि टिकली, मागच्या खेपेला मी शेठची मर्जी राखायला खोटं बोललो. शेठ म्हणाले, मग उद्या माझ्या नातवंडांनाही फुकट शिकवायचं काय? मी म्हणालो, होय शेठ, त्यांनाही. ती पोरंही पंगतीत बसली तरच आमच्या पोरीला कुणी फुकटी म्हणणार नाही. शेठ उठून गेले. दुकानावरून गेलो तर आता बघतही नाहीत. जिवाला घोर लागलाय, पण बोललेलं मागं घेणार नाही.

मागणी मुंबईला गेली. सरकार कधी ऐकेल, ऐकेल की नाही, देव जाणे. नववी तोवर थांबणार नाही.

काव्या, हे तूच वाचणार, म्हणून आता तुलाच लिहितो. चूक अज्जाची, तिची शिक्षा तू स्वतःला का करून घेतेस? शाळा सोळा तारखेला उघडते. तिथल्या मोठ्या बाईंनी तोवर तुझी जागा धरून ठेवली आहे. येणार असशील तर एसटी स्टँडवर मी उभा राहीन. येणार नसशील तर तेही लिही, म्हणजे मीच अकलूजला येऊन तुझ्या दारात बसेन. पण बाळ, काय ते लवकर कळव. पोस्टमन गल्लीत शिरला की मी उठून उभा राहतो.

तुझा,
अज्जा