टॉवेलची किनार

मंगळवार, संध्याकाळ

आज तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी नक्की सांगितलं, राणीला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. मुद्दाम करत नाही ती. अभ्यास थोडा थोडा घ्या, मध्ये उठू द्या, म्हणाल्या. मग विचारलं, "घरी अभ्यासाला कशी बसते?" राणीच हसत म्हणाली, "मम्मी पाय बांधते की!"

खरं आहे. घरी शिवायला आणलेल्या टॉवेलांची कापलेली किनार घ्यायची, तिचा पाय टेबलाला बांधायचा आणि मी मशीनवर बसायचे. गाठ सैल असते, हे मी बाईंना दोनदा सांगितलं. कशाला दोनदा? सैल असली तरी गाठच ना? शाळेतल्या मॅडम दोन वर्षं सांगत होत्या, कुणाला तरी दाखवा. मी म्हणायचे, लई लाडावलीय, दुसरं काय!

घरी आल्यावर तिला म्हटलं, चार गणितं कर, बास. चहा ठेवून वळले, तर ती टेबलाशी बसलेली. किनार तिनंच शोधून आणली होती. पाय पुढे करून म्हणाली, "आज घट्ट बांध मम्मी. सैल असली की मी उठते."