पासवर्ड सचिवांकडे राहील

४ ऑगस्ट २०१९, रविवार
आजपासून रोज लिहायचे. वही कपाटात, चावी बंडीच्या खिशात. विमला वाचते असा संशय आहे. पुरावा नाही.

आज भंडाऱ्याहून कॉलेजची दोन पोरे आली. खुशबू आणि अंकुश. नागपूरचे काही वेब डिझायनर म्हणे सुटीच्या दिवशी या पोरांना शिकवतात, आणि पोरे गावोगावच्या संस्थांना वेबसाइट करून देतात. आमच्या आंधळगावच्या रक्तदाता मंडळालाही देणार. फुकट.

फुकट काहून, असे मी स्पष्ट विचारले. खुशबू म्हणाली, प्रोजेक्ट आहे सर, आणि आवड पण आहे. एकतीस वर्षे आवक-जावक टेबलावर काढली. आवड म्हणून दुसऱ्याचे काम करणारा माणूस माझ्या टेबलासमोर आला नाही.

मग हळूच रजिस्टर मागितले. दोनशे बारा रक्तदात्यांची नावे, गट, गाव. मी दुसरा विषय काढला.

५ ऑगस्ट, सकाळी ७
रात्रभर विचार केला. रक्तगट विकणारी एखादी कंपनी असणार. पण अध्यक्ष शकुंतलाबाई रिटायर्ड नर्स, त्या हो म्हणून बसल्या. २ ऑक्टोबरला वार्षिक सभा, सचिवाची निवड. चौदा वर्षे मीच आहे. अशा वेळी विरोध दिसायला नको.

८ ऑगस्ट
अटींचे पत्र दिले, तीन प्रतींत. अट क्र. १: पासवर्ड फक्त सचिवांकडे राहील. अट क्र. २: रजिस्टर आंधळगाव सोडणार नाही. खुशबूने वाचून लगेच सही केली. इतक्या पटकन कोणी सही करते का?

११ ऑगस्ट, रविवार
शिबिरांचे फोटो मागितले. नाही दिले, त्यात लोकांचे चेहरे आहेत. माझा एक दिला, काळ्या चष्म्यातला.

विमला म्हणे, येवढं कोन चोरते तुमाले. तिला जगाचा अनुभव नाही.

१८ ऑगस्ट
आज मोठा डाव उधळला. साइटवर 'संपर्कासाठी क्रमांक' हवा म्हणाले. म्हणजे माझा नंबर अख्ख्या जगाला. ओटीपीवाले, लॉटरीवाले, सगळे घरात.

मी मनिरामचा नंबर दिला.

मनिराम तलावाकाठचा. गाडीवर मासोळ्या घेऊन गावोगाव विकतो. मंडळाचा सभासद आहे आणि मागच्या सभेत त्याने उभे राहून विचारले होते, रजिस्टर एकाच्याच घरी काहून ठेवता, बाबूजी? मी तेव्हाच टिपून ठेवले होते. त्याचा फोन बटनवाला. चोरांनी त्याच्याकडून काय न्यायचे ते नेऊ द्या. शिवाय सकाळी तो पाण्यात असतो, उचलणारच नाही. एका दगडात किती पक्षी झाले ते मोजले नाही.

२५ ऑगस्ट, रविवार
साइट सुरू. पासवर्ड मी स्वतः टाकला. त्या वेळी खुशबू-अंकुशला भिंतीकडे तोंड करून उभे केले. अंकुश हसल्यासारखा वाटला.

पासवर्ड इथे लिहायचा नाही असे ठरवले आहे. विमलाचे नाव आणि लग्नाचे साल, एवढेच आठवणीसाठी.

१ सप्टेंबर
पोरांनी लिंक सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. मला एकही फोन नाही. साइट चालत नाही हे सिद्ध. सभेत तसा अहवाल देणार.

८ सप्टेंबर
पूर्वी आठवड्याला दोन-तीन लोक रक्तासाठी घरी यायचे. मी हात धुऊन, चष्मा पुसून कपाट उघडायचो. दोन आठवडे कोणी आले नाही. जिल्ह्याची तब्येत सुधारलेली दिसते. माझ्या जनजागृतीचा परिणाम.

१२ सप्टेंबर, दुपार
बाजारात मनिराम दिसला. एका हातात तराजू, खांदा आणि कानाच्या मधे फोन. ऐकू आले ते असे: ओ निगेटिव्ह एक शहापूरले हाये, मी पाठवून राहिलो, तुमी दवाखान्यातच थांबा.

समांतर मंडळ!

घरी येऊन कपाटाचे कुलूप तपासले. शाबूत. मग याला नावे कोण पुरवतो?

१३ सप्टेंबर
चौकशी केली. कोणी पुरवत नाही. ज्या घरी मासोळी देतो त्या घरी रक्तगट विचारतो, पोरगी दुर्गा वहीत लिहिते. पुतण्या मिथुन चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत आहे, त्याने कॉलनीतले तीस जण सांगितले. वहीतला आकडा तीनशेच्या वर गेला म्हणतात. काहून करून राहिला रे, असे मी विचारले. म्हणे, बाबूजी, फोन वाजते तं उचलतो. नंबर कोनं टाकला, मले काय मालूम.

मी मासोळीचा भाव विचारला.

१५ सप्टेंबर
निर्णय: नंबर बदलून माझा टाकणे. सभेआधी. साइट उघडली. तेव्हा नेमके कोणते साल टाकले ते आठवेना. अंदाजाने टाकले, पासवर्ड चुकीचा. दुसरे साल टाकले, पुन्हा चुकीचा. साल नक्की करण्यासाठी विमलाला सहज विचारले. तिने सांगितलेले साल टाकले. तेही चुकीचे. लग्नाचे साल तुमाले मालूम नाही, असे म्हणून तिने संध्याकाळी भाजीच केली नाही.

खुशबूला फोन केला. ती म्हणाली, सर, आमच्याकडे नाही, तुमची अट होती ना. तिच्या आवाजात काहीतरी होते.

२२ सप्टेंबर
शेजारचा तुलाराम धावत आला. पोरीला सिकलसेलचा आजार, भंडाऱ्याच्या दवाखान्यात. रक्त पाहिजे. मनिरामचा फोन बिझी लागून राहिला म्हणून आलो, म्हणाला. म्हणून.

मी रजिस्टर काढले. तिच्या गटाचे अकरा. तिघांचे नंबर बंद. दोघे पुण्याला. चौघे पासष्टीच्या पुढे गेलेले. एकाच्या बायकोने फोन उचलला आणि सांगितले, त्यांना जाऊन चार वर्षे झाली. अकराव्यासाठी पान उलटेपर्यंत तुलारामला मनिरामचा फोन लागला होता. तासाभरात शहापूरचे दोघे दवाखान्यात पोहोचले. पोरगी बरी आहे.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. तुलाराम पायरीवर रडत बसला होता आणि मी बोटाला थुंकी लावून पाने उलटत होतो. लाज वाटली.

२३ सप्टेंबर
शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की मनिरामचा नंबर शेवटी मीच निवडला होता. माणसाची पारख म्हणतात ती हीच. सभेत हा मुद्दा मांडायचा. निवड बिनविरोध होईल.

२ ऑक्टोबर, सकाळ
विमला आज बोलली. म्हणे, तुमी दर साली चुकीचंच साल सांगता, चौऱ्याऐंशी. तेच टाका. टाकले. उघडले. आनंद दाखवता आला नाही.

नंबर सभेनंतर बदलू. विजयी सचिव म्हणून.

२ ऑक्टोबर, संध्याकाळ
सभा झाली. मनिराम स्वतः म्हणाला, मले लिवनं जमत नाही, बाबूजीच राहू द्या. कोणी ऐकले नाही. तुलारामने मनिरामचेच नाव सुचवले, शकुंतलाबाईंनी हात वर करायला सांगितले. मी मोजले नाहीत. विमलाचा हात दिसला.

मग खुशबू लॅपटॉप घेऊन आली. सर, साइटवर सचिवांचं नाव बदलावं लागेल, आणि पासवर्ड तुमच्याकडेच आहे. अट क्र. १.

बसलो. मी काही सांगितले नव्हते, तरी खुशबू, अंकुश आणि नवीन सचिव, तिघेही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चौऱ्याऐंशी टाकले. माझे नाव खोडून 'मनिराम' लिहिले. काळ्या चष्म्यातला फोटो काढला.

खाली संपर्कासाठी क्रमांक होता. तो बदलावा लागला नाही.