हिरव्या रोपांचं गोत्र

३ मार्च
वैदेहीच्या ग्लासहाउसमध्ये सफरचंदाची रोपं पानांवर आली. आईच्या झाडात पानं लाल करणारा जीन बाहेरून घातलेला. बाप साधा, हिरवा, इंग्लिश. मुलांपैकी अर्धी लाल निघायला हवीत. "नाणं उडवल्यासारखं," वै. (बायको) म्हणाली. मुहूर्त काढताना मी इतकी खात्री देत नाही.

१४ मार्च
लाल जेमतेम पाव. तिचा साहेब मार्टिन म्हणतो, जीन पुढच्या पिढीत टिकत नाही, प्रोजेक्ट आवरू. वै. चं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरपर्यंतच. हिरवी रोपं फेकायला सुरुवात. जीनवाल्यांची जात म्हणून थेट कंपोस्टमध्ये नाही, आधी वाफेच्या भांड्यात मारायची, असा नियम. अगदी अंत्यसंस्कार. वै. आज विनोदावर हसली नाही.

१६ मार्च, रवि.
नागपूरच्या एका मुलाकडे सत्यनारायण. (सोम. ते शुक्र. कौन्सिलची नोकरी, वीकेंडला पौरोहित्य.) संकल्पाला गोत्र विचारलं तर म्हणे, "काका, माहीत नाही. काश्यप टाका ना, चालतं." शास्त्राची सोय आहे खरी, पण मी हटून बसलो. त्याच्या घरी व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा वसिष्ठ निघालं.
रात्री जेवताना वै. ला सांगितलं: मुलाचा चेहरा थेट आईचा, गोत्र बापाचं. दिसत नाही, विचारावं लागतं.
वै. चा घास हातातच. "आम्ही हिरव्यांना विचारलंच नाही रे. पानाचा रंग बघून सरसकट काश्यप टाकलं!"
दक्षिणा मागितली. घासायला भांडी मिळाली.

२१ मार्च
उरलेल्या हिरव्यांची टेस्ट झाली. बऱ्याच जणांत जीन आहे! आईकडून नीट आलाय, फक्त गप्प आहे. पेशीनेच त्याचं तोंड बांधलंय म्हणे. असं का, हे वै. लाही नक्की माहीत नाही, आणि ती खूश. विद्वानांचं काही कळत नाही.
इरा (कन्या, वय १७): "बाबा, म्हणजे माझा मराठी सारखं. आत आहे, बाहेर नाही येत."
व्याकरण सुधारणार होतो. राहू दिलं.

२४ मार्च
मार्टिन: वारसा मान्य, पण गप्प जीनचं करायचं काय? या हिरव्यांतलं एक जरी रोप लाल झालं तर पुढचं बोलू. वै. ने त्यांचे शेंडे छाटले. नव्या फुटीत जीन कधीकधी जागा होतो. "कधीकधी म्हणजे?" "म्हणजे कधीकधी."
वाफेत गेलेल्यांचा आकडा तिने वहीत लिहून ठेवलाय.

१७ एप्रिल
संध्याकाळी वै. ने ग्लासहाउसमधून फोटो पाठवला. एका रोपाला नवं पान, देठाशी लालसर काहीतरी. इरा: "लाल आहे!" मी: "मावळतीचं ऊन आहे." वै. चा ट्रेनमधून फोन: "कोवळी पानं तशीही तांबूस असतात. सकाळच्या उजेडात बघते. मार्टिन यायच्या आत."
उद्या ती पहिल्या ट्रेनने जाणार. डबा मी भरतोय. इरा विचारत होती, पानासाठी म्हणायचा एखादा श्लोक आहे का. आहेत पुष्कळ. रंगाची हमी कुठलाच देत नाही.